पडद्यावर ‘बुद्रुक’ कसे उमटले?

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने हडपसर मागे टाकले की डाव्या अंगाला मांजरीकडे जाणारी वाट फुटते. मांजरी हे नाव एका गावाचे नाही, दोन गावांचे आहे. मुळामुठेच्या दक्षिण तीरावर मांजरी बुद्रुक आणि पलीकडच्या तीरावर मांजरी खुर्द. थोरले ते बुद्रुक, धाकटे ते खुर्द. हे दोन्ही शब्द फारसीतून आपल्या दप्तरात आले आणि महाराष्ट्रभर गावोगावच्या नावांना चिकटले. मांजरीचा उल्लेख निघाला की कुणाला तिथले वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आठवेल, कुणाला द्राक्षांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र. मांजरी बुद्रुक तर २०२१ साली पुणे महानगरपालिकेत गेले. पण वाचकहो, आज आपण उसाविषयी किंवा द्राक्षांविषयी बोलणार नाही. आपण बोलणार आहोत या दोन गावांच्या नावांतल्या दोन जोडाक्षरांविषयी.

जरा नीट पाहा. ‘बुद्रुक’ या शब्दात आधी द येतो, मग र. म्हणून र दच्या पायाशी जाऊन बसतो, आणि त्याच्याही खाली उकार लागतो. ‘खुर्द’ या शब्दात आधी र येतो, मग द. इथे तोच र दच्या डोक्यावर जाऊन रफार होतो. व्यंजने तीच दोन. क्रम उलटला की एकदा पायाशी, एकदा माथ्यावर. प्राथमिक शाळेतले पोर हे पाटीवर चार-आठ दिवसांत शिकते. पण संगणकाच्या पडद्याला हीच गोष्ट शिकवायला बरीच खटपट करावी लागली. कारण त्या पडद्याची मापे ठरली तेव्हा ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आपली अक्षरे नव्हती. ती मापे कशी ठरली, त्यांत आपली अक्षरे का मावेनात, आणि त्यावर पुण्यात काय तोड निघाली, याची ही हकीकत.

आता असे पाहा. संगणकाचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. आपल्या माता-भगिनी अंगणात ठिपके काढून घेतात, आणि त्यांतले कुठले जोडायचे हे ठरवून कमळ काढतात. पडद्यावर उभ्या-आडव्या रांगांत हजारो ठिपके असतात. कुठला उजळायचा आणि कुठला काळा ठेवायचा हे ठरले की त्यातून अक्षर दिसते, चित्र दिसते. ठिपके जितके दाट, तितकी रांगोळी रेखीव. मग दाट ठिपके पहिल्यापासूनच का नाही घेतले? त्याचे कारण खर्चाचे आहे. प्रत्येक ठिपका उजळ की काळा हे यंत्राला लक्षात ठेवावे लागते, आणि संगणकाची स्मृती त्या काळी फार महाग होती.

महाराष्ट्रातलेच उदाहरण घ्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या गटाने बांधलेला ‘टिफरॅक’ हा संगणक १९६० साली कामाला लागला. त्याला एक पडदासुद्धा जोडलेला होता, आणि त्यावर आलेख, आकडे व अक्षरे उमटवता येत. पण या सबंध यंत्राची मुख्य स्मृती होती अवघ्या २०४८ शब्दांची, म्हणजे यंत्राच्या भाषेतल्या २०४८ लांबलचक आकड्यांची. आज खिशातल्या साध्या फोनवरचे एक छायाचित्रसुद्धा तेवढ्यात मावणार नाही. अमेरिकेत १९६३ साली आयव्हन सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ ही योजना तयार केली आणि प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर आकृती काढून दाखवली. पण असली यंत्रे मोठ्या प्रयोगशाळांतच होती. ती कचेरीच्या टेबलावर यायची तर पडदा स्वस्त व्हायला हवा होता.

त्यावर एक युक्ती निघाली. पडद्याची समान घरे पाडायची. एका ओळीत ८० घरे आणि अशा २५ ओळी, म्हणजे एकूण २००० घरे. प्रत्येक घरात एकच अक्षर. यंत्राने ठिपके लक्षात ठेवायचेच नाहीत. अमुक घरात अमुक क्रमांकाचे अक्षर, एवढेच लक्षात ठेवायचे. अक्षराचे रूप कसे दिसते ते एका चिपमध्ये कायमचे कोरलेले असायचे, छापखान्यातल्या खिळ्यासारखे. असे २५६ खिळे. दर घराला दोन बाइट लागत. एक बाइट अक्षराच्या क्रमांकाला, दुसरा त्याच्या रंगाला आणि उठावाला. म्हणजे ४००० बाइटांत सगळा पडदा भागला. तोच पडदा आडवे ६४० आणि उभे २०० ठिपके अशा रांगोळीने भरायचा तर १,२८,००० ठिपके होतात, आणि एका बाइटात आठ ठिपके या हिशेबाने १६,००० बाइट लागतात. चौपट खर्च! घरांची युक्ती लोकांना का आवडली ते यावरून समजेल.

ऑगस्ट १९८१ मध्ये अमेरिकेतल्या आयबीएम कंपनीने आपला टेबलावरचा संगणक बाजारात आणला. त्याला पडदा जोडण्यासाठी दोन प्रकारची कार्डे मिळत. एक होते नुसत्या मजकुराचे, एकरंगी. त्याचे प्रत्येक घर ९ ठिपके रुंद आणि १४ ठिपके उंच होते. अक्षर झकास दिसे, पण चिपमधल्या २५६ खिळ्यांपलीकडे त्याला काही ठाऊक नव्हते. दुसरे कार्ड रंगीत. त्याला सीजीए म्हणत. त्यावर हवे ते चित्र काढता येई, पण उंचीला ठिपके फक्त २००. मजकुराच्या २५ ओळी बसवायच्या तर एका ओळीच्या वाट्याला आठच ठिपके आले.

हे मापदंड कुठल्या परिषदेने बसून ठरवले नव्हते. एका मोठ्या कंपनीने माल काढला, तो सगळीकडे गेला, इतर कारखान्यांनी तेच माप धरले, आणि झाला तो मापदंड. एखाद्या बड्या व्यापाऱ्याच्या दुकानातली पायली हळूहळू साऱ्या पेठेची पायली व्हावी, तसे हे घडले.

शिक्षक बंधुभगिनींनो, यापुढचा भाग आपण वर्गात प्रत्यक्ष करून दाखवू शकाल. चौकटींचा कागद घ्या. त्यावर आठ घरे रुंद, आठ घरे उंच असा चौकोन आखा आणि मुलांना इंग्रजी ए काढायला सांगा. घरे काळी करत करत ते सहज निघेल. इंग्रजी लिपीला वर-खाली फारसे काही लागत नाही. आता तेवढ्याच चौकोनात ‘द्रु’ काढायला सांगा. शिरोरेघेला एक ओळ गेली. दची कमान आणि शेपूट यांना चार-पाच ओळी हव्यात. त्याखाली र, आणि त्याच्याखाली उकार. जागा संपली! मग ‘मां’ काढून पाहा, ‘री’ काढून पाहा. शिरोरेघेच्या वर वेलांटी आणि अनुस्वार यांना जागा हवी.

आपले अक्षर हे तीन मजली घर आहे. मधल्या मजल्यावर व्यंजन राहते. माडीवर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार. तळघरात उकार आणि पायाशी जोडलेला र. या तिन्ही मजल्यांना मोकळेपणाने राहायला सोळाएक ओळी द्याव्या लागतात. सीजीएच्या पडद्यावर सोळा ओळींचे घर धरले तर मजकुराच्या बाराच ओळी बसतात. म्हणजे अर्धे पान गेलेच म्हणायचे.

ही अडचण एकट्या मराठीची नव्हती, आणि मौज अशी की त्यावरचा पहिला मोठा उतारा आपल्या लिपीच्या एका चुलत बहिणीमुळे सापडला. थाई लिपी ही ब्राह्मीच्याच कुळातली. तिच्यातही अक्षराच्या वर आणि खाली खुणा लागतात. व्हॅन सुवन्नुकुल नावाच्या थाई संशोधकाला आपला डॉक्टरेटचा प्रबंध थाई भाषेत संगणकावर लिहायचा होता. मजकुराच्या कार्डात थाई खिळे नव्हते आणि सीजीएचे ठिपके पुरत नव्हते. तेव्हा त्यांनी स्वतःच नवे कार्ड तयार केले. त्याचे नाव हर्क्युलिस. हे साल १९८२. त्याचा पडदा ७२० ठिपके रुंद आणि ३४८ ठिपके उंच होता. सोळा ओळींच्या घरांच्या इथे एकवीस ओळी बसतात. पुढे हिशेबाच्या लोकप्रिय प्रोग्रॅमांनी हे कार्ड उचलून धरले आणि एकरंगी चित्रांचा तोच सर्वमान्य मापदंड झाला. ज्या पायलीत आपले धान्य मावत नव्हते तिच्याशी भांडत बसण्यापेक्षा एका माणसाने नवी पायली घडवली, आणि साऱ्या पेठेने ती उचलली.

त्यानंतर मापे भराभर वाढली. १९८४ साली आयबीएमचे ईजीए कार्ड आले, ६४० बाय ३५० ठिपक्यांचे. १९८७ साली व्हीजीए आले, ६४० बाय ४८० ठिपक्यांचे. सोळा ओळींच्या हिशेबाने त्यावर तीस ओळी बसतात. ठिपक्यांची टंचाई इथे संपली.

पण वाचकहो, ठिपके पुरले म्हणून ‘बुद्रुक’ लिहिता आले असे मात्र झाले नाही. आता खरा प्रश्न पुढे आला. खिळे होते २५६, आणि त्यांतले निम्मे इंग्रजीनेच अडवलेले. उरलेल्या निम्म्यांत देवनागरीचा संसार कसा मांडायचा?

हा प्रश्न आपल्याकडे जुनाच होता. हाताने खिळे जुळवणाऱ्या छापखान्यांत इंग्रजीचा जुळारी थोड्या खणांवर भागवी, तर मराठीच्या जुळाऱ्यापुढे शेकडो खण असत. जोडाक्षरांचे खिळे निराळे, वेलांट्यांचे निराळे. म्हणून लोकमान्य टिळकांनी खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या खटपटी केल्या. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी अि, अी, अु अशी अची बाराखडी सुचवली आणि काही मासिकांनी ती बरीच वर्षे वापरली. १९५३ साली लखनौच्या परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटीच अक्षराच्या उजवीकडे नेण्याचे ठरवले होते. लोकांच्या ते पचनी पडले नाही आणि पुढे ते सोडून द्यावे लागले. या साऱ्या सुधारणांचा हेतू चांगला होता. पण त्यांच्या मुळाशी एक गृहीत होते. यंत्र बदलणार नाही, तेव्हा लिपीने बदलावे.

संगणकाने हे गृहीत उलटवण्याची संधी दिली. ती कशी साधली ते पाहू.

कानपूरच्या आयआयटीमध्ये डॉ. आर. महेश के. सिन्हा यांच्या मार्गदर्शनाखाली देवनागरी संगणकावर आणण्याचे काम चालले होते. १९८३ पर्यंत तिथे देवनागरी आणि इंग्रजी दोन्ही दाखवणारा पडदा तयार झाला होता. त्यातूनच पुढे ‘जिस्ट’ हे तंत्र निघाले. मोहन तांबे हे त्यातले प्रमुख कार्यकर्ते. जिस्टचा पूर्ण अर्थ ग्राफिक्स अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी, म्हणजे आकृती आणि अक्कल या दोहोंवर चालणारे लिपीचे तंत्र. नावातच सगळे आले आहे. नुसते ठिपके पुरत नाहीत, त्यांना अक्कल लागते.

१९८८ साली पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली. डॉ. विजय भटकर तिचे संस्थापक संचालक. संस्थेचे मुख्य काम होते महासंगणक बांधण्याचे, आणि १९९१ साली ‘परम ८०००’ बांधून तिने ते करून दाखवले. त्याची कीर्ती देशभर झाली. पण त्याच संस्थेत जिस्टचा गट आला, आणि मला विचाराल तर गावोगावच्या माणसाच्या जीवनाला त्याचाच हात अधिक लागला.

जिस्टचे कार्ड साध्या संगणकात बसवायचे. संगणकातला प्रोग्रॅम इंग्रजीच. त्याला वाटे आपण नेहमीसारखे क्रमांक पडद्याकडे पाठवतो आहोत. ते क्रमांक वाटेत हे कार्ड उचलून घेई, त्यांतून देवनागरी अक्षर जुळवी आणि पडद्यावर उमटवी. जणू छापखान्यात एक हुशार जुळारी नव्याने आणून बसवला. मालकाला मराठी कळो न कळो, जुळारी अक्षर बरोबर लावतो. त्यामुळे इंग्रजीसाठी लिहिलेले याद्यांचे आणि नोंदींचे प्रोग्रॅम न बदलता मराठीच्या कामाला आले.

या जुळाऱ्याची अक्कल कुठून आली? ती आपल्याच बाराखडीतून आली. संगणकात अक्षराचे रूप साठवायचेच नाही, उच्चार साठवायचा, हे त्यातले तत्त्व. ‘बुद्रुक’ हा शब्द घ्या. यंत्रात काय जाते? ब, उकार, द, हलन्त, र, उकार, क. सात खुणा, तोंडाने उच्चारतो त्याच क्रमाने. दचा पाय मोडला आहे आणि पुढे र आहे, असे दिसले की र पायाशी न्यायचा. ‘खुर्द’मध्ये खनंतर उकार, र, हलन्त, द. इथे रचा पाय मोडला आहे आणि पुढे द आहे, तेव्हा रफार करून माथ्यावर चढवायचा. दोनच नियम, पण त्यांनी सगळा महाराष्ट्र लिहिता येतो. ‘किती’ या शब्दातली पहिली वेलांटी आपण डावीकडून काढतो, पण उच्चारतो कच्या नंतर. यंत्रातही ती कच्या नंतरच साठते, आणि पडद्यावर मात्र डावीकडे दिसते.

थोडा हिशेब करून पाहा. ‘मांजरी बुद्रुक’ हे नाव देवनागरीत साठवायला ‘मांजरी’च्या सहा आणि ‘बुद्रुक’च्या सात, म्हणजे तेरा खुणा लागतात. रोमन लिपीत हे नाव लिहिले तरी तेराच अक्षरे होतात. डोळ्यांना मात्र सहाच अक्षरे दिसतात. मां, ज, री, बु, द्रु, क. म्हणजे आपली लिपी यंत्राला जड होती हा समजच खोटा होता. जड होती ती घरे आणि खिळे यांची जुनी पद्धत.

या खुणांना क्रमांक देण्याची पद्धत १९८०च्या दशकात सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवत आणली आणि १९९१ साली भारतीय मानक ब्युरोने तिला मानक म्हणून मान्यता दिली. आयएस १३१९४ हा तिचा क्रमांक, आणि ‘इस्की’ हे चालू नाव. इंग्रजीचे क्रमांक होते तिथेच ठेवले, वरच्या निम्म्या जागेत भारतीय अक्षरे बसवली. शिवाय मराठी क, गुजराती क आणि कन्नड क यांना एकच क्रमांक दिला, कारण उच्चार एकच. त्यामुळे अक्कलकोटकडच्या एखाद्या माणसाचे नाव एकदा मराठीत लिहिले की तेच कन्नड लिपीतही दाखवता येऊ लागले. त्याबरोबर ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलकही ठरला. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. ज्याला वर्णमाला येते त्याला तो शिकायला सोपा जातो.

मराठीपुरती एक बारीक गोष्ट यात सांभाळली गेली, ती शिक्षकांनी जरूर लक्षात घ्यावी. दर्या म्हणजे समुद्र, आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. आचार्यांना नमस्कार करायचा, आणि आचाऱ्यांना स्वयंपाक सांगायचा. एकीकडे रफार, दुसरीकडे आडवा र. हा आडवा र हिंदीला लागत नाही, मराठीला पदोपदी लागतो. कऱ्हाड त्यावाचून लिहिता येत नाही. मानकात त्यासाठी वेगळ्या र ला जागा होती, ळलाही होती. ती नसती तर आपली सारी कागदपत्रे दऱ्यांच्या जागी दर्या लिहून मोकळी झाली असती.

आता कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? इंग्रजीत लिहिले असते तर काय बिघडले असते? बिघडले असते ते सांगतो. जमिनीच्या नोंदी संगणकावर घेण्याची केंद्र सरकारची योजना १९८८-८९ साली देशातल्या आठ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातला वर्धा जिल्हा होता. सातबाराचा उतारा हा शेतकऱ्याचा जीव की प्राण. त्यावरचे नाव, गावाचे नाव, वहिवाट, बोजा, सगळे त्याला वाचता आले पाहिजे आणि कोर्टात उभे राहिले पाहिजे. मांजरी रोमन लिपीत लिहिले की तेच मंजिरी वाचायचे, मंजरी वाचायचे की मांजरी, हे वाचणाऱ्याच्या मर्जीवर जाते. पाटील ठीक, पण काळे आणि काले यांचा निवाडा रोमन अक्षरांवरून कोण करणार? देवनागरीत नोंद ठेवता आली नसती तर दप्तर एका भाषेत आणि शेतकरी दुसऱ्या भाषेत, अशी फारकत झाली असती. २०१८ सालापासून डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मराठीत मिळू लागला, त्याचा पाया असा फार आधी घातलेला आहे.

इथे ही हकीकत सुखाने संपायला हवी होती, पण मध्ये एक आडवळण आले.

१९९०च्या दशकात खिडक्यांचे, चित्रांचे संगणक आले. त्यांवर हवा तसा फॉन्ट बसवता येई. सुंदर मराठी फॉन्ट निघाले, छापखाने आणि वर्तमानपत्रे झपाट्याने बदलली. पण बहुतेक फॉन्टांनी उच्चार साठवण्याचे तत्त्व सोडून दिले आणि पुन्हा जुने खिळे आणले. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवले, आणि कुठला तुकडा कुठल्या जागी हे ज्याने त्याने आपापल्या मनाने ठरवले. एका फॉन्टात ज्या क्रमांकावर म, त्याच क्रमांकावर दुसऱ्यात अर्धा श. एका कचेरीतली फाइल दुसरीत उघडली की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसे. पडद्यांच्या बाबतीतही तेव्हा असेच चालले होते. व्हीजीएच्या पुढची कार्डे ज्याने त्याने आपल्या मापाने काढली, तेव्हा १९८९ साली उत्पादकांनी एकत्र येऊन ‘व्हेसा’ नावाची संघटना काढली आणि सगळ्यांना चालेल असे माप ठरवले. फॉन्टांच्या बाबतीत मात्र आपल्याकडे हे शहाणपण उशिरा आले.

याचे नुकसान आपण अजून मोजलेले नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडीतले कागदांचे ढीग आहेत. मोडी वाचणारे आज थोडे, पण ती लिपी शिकवणारी पुस्तके आहेत, वर्ग आहेत. मेहनत घेतली तर कागद बोलू लागतो. पण एखाद्या बंद पडलेल्या फॉन्टात लिहिलेला शाळेचा अहवाल, सोसायटीचा ताळेबंद, गावच्या जत्रेचा इतिहास? तो फॉन्ट कोणता होता हेच कुणाला आठवत नसेल तर पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा कागद तीनशे वर्षांपूर्वीच्या कागदापेक्षा परका होतो.

यातून बाहेर काढले ते ‘युनिकोड’ या जागतिक मानकाने. त्याची पहिली आवृत्ती १९९१च्या ऑक्टोबरात निघाली. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच यादीत जागा देण्याची ही योजना. तिच्यात देवनागरीसाठी १२८ जागा राखल्या, आणि त्यांची मांडणी आपल्या इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून घेतली. म्हणजे कानपूर-पुण्याकडे जे तत्त्व पक्के झाले, तेच जगाच्या मानकात गेले. उच्चार साठवा, रूप पडद्यावर जुळवा. २००० साली विंडोज २००० आले, आणि त्याबरोबर ‘मंगल’ हा फॉन्ट घरोघरच्या संगणकांत गेला. तो रेखाटला होता मराठीतले नामवंत सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी. पुढे बॅटमधल्या उच्चारासाठी लागणाऱ्या ॲ या स्वरालाही २००८ साली युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली, आणि ६ नोव्हेंबर २००९ रोजी महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेविषयी निर्णय काढून तिची प्रमाण रूपे ठरवली.

एके काळी ज्या कामाला संगणकात वेगळे कार्ड खोचावे लागे, ते काम आज आपल्या खिशातला फोन गुपचूप करतो. ‘द’, हलन्त, ‘र’ एवढे दाबले की द्र तयार. हे इतके सहज झाले आहे की त्यामागे कुणाची खटपट आहे हे ध्यानातही येत नाही.

पण म्हणून सावधपणा सोडून चालणार नाही. मानक हे रस्त्यासारखे असते. सगळे त्यावरून चालले तरच त्याचा उपयोग. तेव्हा शेवटी तीन गोष्टी सांगतो. पहिली, मुलांना मराठी टंकलेखन शिकवायचे तर इन्स्क्रिप्ट शिकवा. बाराखडीचा पाया असलेले मूल ते लवकर उचलते, आणि जोडाक्षर कसे घडते हेही त्याला बोटांतून समजते. दुसरी, दाखला, गुणपत्रिका, उतारा हाती आला की नाव मोठ्याने वाचा. रफार, आडवा र, ळ आणि अनुस्वार एवढ्या चार जागा तपासा आणि चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. पडदा जे दाखवील ते मुकाट्याने घ्यायचे, असे दिवस आता नाहीत.

आणि तिसरी गोष्ट थोडी घाईची आहे. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कपाटात १९९०च्या किंवा २०००च्या दशकातल्या मराठी फाइली पडून असतील तर त्या काढा. कुठल्या फॉन्टात लिहिल्या ते सांगणारी माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारून फॉन्टाचे नाव फाइलीवर लिहून ठेवा, आणि मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्या. त्याची रूपांतर करणारी साधने मिळतात. काम रूक्ष आहे, पण वरच्या वर्गातली मुले ते एका सुटीत आनंदाने करतील, आणि गावच्या दोन-तीन दशकांचा लेखी ऐवज पुन्हा वाचता येईल.